आधी रस्ते, मग नाटक?

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि आठवड्याभरातच एक प्रश्न गावात फिरायला लागला. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, रिक्षात, कुठेही तो कानावर पडायचा. "एवढं कोट घालून परत थेटर बांधणार म्हनं. त्यापेक्षा रस्त्याचं खड्डं मुजवा की आधी." विचारणारी माणसं वाईट मनाची नव्हती. पावसाळ्यात या शहरात दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, रागाला कारण आहे. महापालिकेच्या तिजोरीबद्दलही इथे कुणाच्या मनात भ्रम नाही. त्यामुळे "यांना कलेची जाण नाही" असं म्हणून हा प्रश्न उडवून लावणं मला पटत नाही. त्याला उत्तर द्यायला हवं, आणि तेही पोटापाण्याच्या भाषेत. मी या नाट्यगृहाच्या सावलीत, मंगळवार पेठेत वाढले. पुढे हौशी नाटकांत कामं केली. तेव्हा हे उत्तर शोधणं माझ्याकडे आपसूकच येतं.

सुरुवात ज्याने हे बांधलं त्याच्यापासून करू. खासबाग कुस्ती मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोमचं कलोझियम पाहून आले आणि त्यातून खासबागेची कल्पना निघाली, असं सांगतात. 1912 मध्ये मैदान तयार झालं. जमीन खोलगट करून चारही बाजूंनी उतार दिलेला, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचे पाय दिसावेत. त्यापाठोपाठ 1913 ते 1915 या काळात शेजारी नाट्यगृह उभं राहिलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता. विचार तोच: आत आलेल्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे. राजवाड्यातल्या खास लोकांसाठी छोटीशी रंगशाळा करणं महाराजांना अवघड नव्हतं. त्यांनी गावाच्या मध्यात, तालमी आणि पेठांच्या गजबजाटात, कुस्तीच्या पाठीला नाटक आणून ठेवलं. ही जागेची निवड मला फार मोठी वाटते. कुस्ती बघायला आलेला माणूस आणि नाटक बघायला आलेला माणूस एकाच गाडीवर चहा प्यायचा.

महाराजांच्या बाकीच्या कामांच्या शेजारी हे नाट्यगृह ठेवून बघा. गुळाच्या व्यापारासाठी 1895 मध्ये वसवलेली शाहूपुरी. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा 1902 चा जाहीरनामा. 1906 ची शाहू मिल. त्यानंतर दोन-तीन वर्षांत राधानगरी धरणाची सुरुवात. गावभर वसतिगृहं. 1917 चा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा. या सगळ्याच्या अधेमधे मैदान आणि नाट्यगृह. संस्थानाचा खजिना काही अथांग नव्हता. राधानगरीचं काम पुढे पैशाअभावी थांबलं आणि धरण पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. म्हणजे "धरणाला पैसा पुरत नाही, नाट्यगृह कशाला" असं म्हणायला तेव्हाही जागा होती. तरी त्या माणसाने धरण, मिल, शाळा, आखाडा आणि रंगमंच यांना एकामागून एक रांगेत उभं केलं नाही. गाव जगायला जे जे लागतं ते सगळं एकाच वेळी, जमेल तेवढं, करत राहिला.

त्यातून काय निघालं, हे बघायला फार लांब जावं लागत नाही. ज्यांचं नाव पुढे या नाट्यगृहाला मिळालं ते गायक-नट केशवराव भोसले कोल्हापूरचेच, जन्म 9 ऑगस्ट 1890 चा. ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी त्यांनी 1908 मध्ये हुबळीला काढली, तेव्हा वय अठराही नव्हतं. एकतीस वर्षांचं आयुष्य. जाण्याच्या तीन महिने आधी, जुलै 1921 मध्ये, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर त्यांनी मुंबईत संयुक्त 'मानापमान' केलं. रंगभूमीने सार्वजनिक कामासाठी पैसा उभा करून दिल्याचं हे उदाहरण, रंगभूमीला सार्वजनिक पैसा कशाला म्हणणाऱ्यांच्या कानावर मला नेहमी घालावंसं वाटतं.

पण मला जास्त मोलाची वाटते ती मंडळींच्या मागे उभी असलेली माणसं. नाटकांना पडदे लागायचे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री ही भावांची जोडी पडदे रंगवण्यासाठी इतकी नावाजली की मेस्त्री हे आडनाव मागे पडून लोक त्यांना पेंटरच म्हणू लागले. पडद्यांवर हात बसला, त्यातून सिनेमाचं वेड लागलं आणि बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला पैसा दिला तानीबाई कागलकर या गायिकेने आणि विजेचा जनरेटर दिला शाहू महाराजांनी. 1920 मध्ये 'सैरंध्री' आला. दामले, फत्तेलाल, शांताराम इथेच शिकले. 1929 मध्ये त्यांनी आणखी काही सोबत्यांना घेऊन प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच. कोल्हापूरला कलापूर म्हणतात त्यामागे ही साखळी आहे: संस्थानाचं पाठबळ, त्यावर नाटक मंडळी, मंडळींवर पडदे रंगवणारे, शिंपी, सुतार, गवई, आणि त्यांच्या हाताच्या सफाईवर पुढचा सगळा सिनेमा. कुणीही आधी बसून हिशेब केला नव्हता की आपण नाटकाला मदत करतोय म्हणजे वीस वर्षांनी इथे चित्रपटाचा धंदा उभा राहील. तसा हिशेब करून असल्या गोष्टी उभ्याही राहत नाहीत.

आणि हेही खरं की 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली. कसबी माणसं जिथे रोज काम असेल तिथे जातात. त्यांना गावात धरून ठेवायचं तर रोजचं काम लागतं.

आता रोजचं काम म्हणजे नेमकं काय, ते नाट्यगृहाच्या दारातूनच दाखवते.

मुंबईचं किंवा पुण्याचं नाटक दौऱ्यावर आलं की सेटचा टेम्पो मागच्या दाराला लागायचा. तिथपासून दिवस सुरू. सामान उतरवायला चार हात लागायचे, ते मंडळींबरोबर आलेले असले तरी गावातले दोघे-तिघे हमखास जोडले जायचे. कुणाला सेटच्या चौकटी, म्हणजे फ्लॅट, ठोकायला खिळे कमी पडायचे, कुणाला इस्त्रीवाला हवा असायचा, कुणाला ऐनवेळी साडीपिना. त्या त्या वस्तूसाठी मिरजकर तिकटीच्या बाजूला पळणारी पोरं मी पाहिली आहेत, त्या धावपळीत मीही होते. प्रयोग घेणारा स्थानिक कॉन्ट्रॅक्टर वेगळा. त्याचे फ्लेक्स, त्याच्या पेपरातल्या जाहिराती, नटमंडळींची राहण्याची आणि पांढऱ्या-तांबड्या रश्श्याची सोय. तिकीटखिडकीवर प्लॅन उघडायचा. मोठ्या कागदावर छापलेल्या खुर्च्या आणि त्यांवर निळ्या पेन्सिलीच्या फुल्या. काही घरांच्या जागा ठरलेल्या असायच्या, बुकिंगवाले काका न विचारता त्या रांगेवर पेन्सिल न्यायचे.

दारात एक मावशी गजरे घेऊन बसायच्या. आल्या आल्या विचारायच्या, "आज काय हाय आत?" विनोदी नाटक म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "संगीत आसतं तर ज्यादा वळून आनलं आसतं." कुठल्या नाटकाला कोण बाया येतात, कुणासोबत येतात, मोगरा घेतात की अबोली, हा त्यांचा अभ्यास एखाद्या निर्मात्यालाही उपयोगी पडला असता. भेळेच्या गाड्या, कणसं भाजणारा, आइस्क्रीमवाला, रिक्षास्टँड, सगळ्यांचं घड्याळ तिसऱ्या घंटेवर लावलेलं. मध्यंतरात वडे आणि चहा, नाटक सुटल्यावर पुन्हा भेळ. रात्री साडेअकराला आई आणि मी चालत घरी यायचो. रस्त्यात नाटक सुटलेली माणसं असायची, कुणी पद गुणगुणत, कुणी शेवटावरून वाद घालत, आणि त्या वेळी त्या रस्त्याची आम्हा दोघींना कधी भीती वाटली नाही. बायका निर्धास्त चालू शकतात असा रात्रीचा रस्ता तयार करायला किती खर्च येतो, हे कुठल्याही अंदाजपत्रकात मला कधी दिसलेलं नाही. इथे तो नाट्यगृहामुळे फुकटात मिळत होता.

आगीत छप्पर गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती राहिल्या. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. त्या सकाळी तिथे जमलेली माणसं मी पाहिली. त्यात नट होते, गवई होते, पण आयुष्यात कधी नाटकाचं तिकीट न काढलेली माणसंही होती आणि तीही रडत होती. आग का लागली, दोष कुणाचा, हे तपासणाऱ्यांचं काम. सरकारने पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींचा निधी जाहीर केला, कलावंतांनी "होतं तसंच बांधा" असा धोशा लावला आणि काम टप्प्याटप्प्याने सुरू झालं. त्या काळात कुणाच्याही तोंडून, अगदी खड्ड्यांवरून बोलणाऱ्यांच्या तोंडूनही, "आता तिथे मॉल करा" हे वाक्य निघालं नाही. ही गोष्ट मी मनात जपून ठेवली आहे. कारण याच गावात जयप्रभा या जुन्या चित्रपट स्टुडिओच्या विक्रीवरून कलावंतांना रस्त्यावर बसावं लागलं होतं. तो खासगी मालकीचा. खासगी जागा विकली जाऊ शकते, मालकाचा तो हक्कच आहे. नाट्यगृह मात्र गावाचं होतं, म्हणून जळाल्यावरही ते गावाचंच राहिलं. सार्वजनिक पैशाने बांधण्याचा पहिला फायदा मला हा दिसतो.

दुसऱ्या फायद्याबद्दल बोलताना मात्र मन जड होतं, कारण तो आपल्याला नाट्यगृह बंद पडल्यावर कळला. नाटकांना प्रकाशयोजनेचं साहित्य भाड्याने देणारे एक गृहस्थ माझ्या जुन्या ओळखीचे. स्पॉट, उजेड कमी-जास्त करणारे डिमर, केबलची भेंडोळी, हाताखाली दोन तयार पोरं. आगीनंतर काही महिन्यांनी भेटले तेव्हा लग्नाच्या हॉलवर लाईट लावत होते. पोरांपैकी एक पुण्याला गेला होता. मी विचारलं, काम तर तेच आहे ना? म्हणाले, "ताई, लग्नात लाईट नुसती लावायची आसती. नाटकात ती घालवायची पण आसती." प्रसंग संपत आल्यावर नटाच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू काढून घ्यायचा, प्रेक्षकाला कळू न देता, हे त्या पोराने दहा वर्षं शिकलं होतं. ते कौशल्य आता गावात नाही. नाट्यगृह पुन्हा उभं राहील, डिमरही नवे येतील, पण ते बोट कुठून आणणार?

इचलकरंजीला घोरपडे नाट्यगृह आहे, मिरजेला बालगंधर्व नाट्यमंदिर आहे. दोन्ही जवळ. चांगला प्रयोग असला की कोल्हापूरकर गाडी काढून जातात. ज्यांच्याकडे गाडी आहे ते जातात. माझी आई आता जात नाही. गजरेवाल्या मावशी तर जाऊच शकत नाहीत.

मग रस्त्यांच्या प्रश्नाला उत्तर काय? महापालिकेच्या वहीत नाट्यगृह कसं दिसतं ते पाहा. जमेच्या बाजूला भाडं. खर्चाच्या बाजूला वीजबिल, एसी, सफाई, पहारेकरी, दुरुस्ती. वजाबाकी केली की तोटा. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक पालिकेत हे वाक्य ऐकू येतं, "नाट्यगृह तोट्यात आहे." त्या वहीत गजरे नाहीत, भेळ नाही, रिक्षा नाही, इस्त्रीवाला नाही, रात्रीचा तो रस्ता नाही. पैसा नाट्यगृहातून बाहेर पडून पेठेत फिरतो आणि पालिकेला तो दिसत नाही, कारण तो तिच्या गल्ल्यात पडत नाही. बागेला कुणी नफा विचारत नाही. रस्त्यालाही विचारत नाही. रस्त्यावरून जे येतं-जातं त्यातून गाव कमावतं, हे आपल्याला समजतं. नाट्यगृहाचंही तसंच आहे, एवढंच मला खड्ड्यांवरून रागावलेल्या माझ्या शेजाऱ्यांना सांगायचं आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांच्या कामांची जी यादी बाराव्या अनुसूचीत दिली, तिच्यात रस्ते आणि पूल आहेत, आणि त्याच यादीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणंही आहे.

पण एक गोष्ट मी सरकारी निधीचं कौतुक करणाऱ्यांनाही सांगेन. निधी जाहीर होतो तो इमारतीसाठी. फीत कापता येते, कोनशिलेवर नाव येतं. केशवराव नाट्यगृहावर गेल्या दशकातही कोट्यवधी रुपये खर्चून नूतनीकरण झालं होतं. इमारत सुंदर झाली होती. आमच्यासारख्या हौशी मंडळींना मात्र तिच्यात रंगीत तालीम करणं परवडत नव्हतं. एका प्रयोगाचं भाडं, वर अनामत, वर विजेचे पैसे. मग तालमी कुणाच्या तरी गच्चीवर किंवा शाळेच्या वर्गात, आणि रंगमंचावर पहिलं पाऊल थेट प्रयोगाच्या दिवशी. आठवड्यातल्या कित्येक दुपारी ते एवढं मोठं दालन कुलूपबंद. सरकारचा पैसा गावात प्राण ओततो तो इमारत उघडी राहिली तर.

याचा पुरावाही आपल्याच घरात आहे. पन्नासच्या दशकापासून चालत आलेली राज्य नाट्य स्पर्धा घ्या. प्राथमिक फेरी कोल्हापूर केंद्रावर लागली की रोज संध्याकाळी एक हौशी संस्था नाटक करायची. कुणी शिक्षक, कुणी एमआयडीसीत लेथवर काम करणारा, कुणी एसटीतला. तिकीट नाममात्र. जागेचा आणि आयोजनाचा भार शासनावर. त्या दिवसांत खासबागेचा परिसर सणासारखा जागा असायचा. फार मोठी रक्कम त्यात नव्हती. रोज संध्याकाळी दार उघडण्याची हमी होती.

गोव्यात ही हमी वेगळ्या रीतीने दिलेली दिसते. पणजीला कला अकादमी आहेच, पण मडगाव, कुडचडे, साखळी, वास्कोचं बायणा इथे सरकारने रवींद्र भवनं उभी केली. कुडचडं हे खाणपट्ट्यातलं गाव. तिथल्या रंगमंचावर तियात्र हे कोंकणी नाटकही होतं आणि मराठी नाटकही, आणि कलेसाठी राजधानी गाठावी लागत नाही. छोट्या गावाला स्वतःची संध्याकाळ मिळणं, याची किंमत मोठ्या शहरातल्या माणसाला पटकन समजत नाही.

आणखी एक भीती बोलून दाखवते. नाट्यगृह नवं होईल तेव्हा परिसराचं सुशोभीकरण होईल. नको असं कोण म्हणेल? पण आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की पहिल्यांदा गाड्या उठतात. फरसबंदी येते, रंगीत दिवे येतात, आणि ज्यांच्यामुळे तिथे माणसं रेंगाळायची त्यांना "अतिक्रमण" ही पाटी लागते. ज्या पुनरुज्जीवनात गजरेवाल्या मावशींना जागा नाही, त्याला सार्वजनिक पैसा का द्यायचा? नकाशातच त्यांच्यासाठी जागा आखावी, पाण्याचा नळ आणि कचऱ्याची सोय धरून. आधी आखली तर हे सोपं काम आहे.

कोल्हापूरला असं काही सुचणं नवीन नाही. 1945 मध्ये, संस्थान असतानाच, कोल्हापूरने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. असा कायदा देशात तोपर्यंत कुठेच नव्हता. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, 1967 मध्ये आला. त्या कायद्यामुळे आज गावोगावच्या वाचनालयांना दरवर्षी अनुदान मिळतं. ते कमी आहे, उशिरा मिळतं, त्यावर ग्रंथपालांचं भागत नाही, हे सगळं खरं. तरी वाचनालय चालवण्यासाठी दरवर्षी काही द्यावं लागतं, ही गोष्ट कायद्याने मान्य केली. पुस्तकांच्या खोलीला जे मान्य झालं ते नाटकाच्या दालनाला का होऊ नये? किती प्रयोग झाले, किती तालमी झाल्या, शाळेतली किती मुलं येऊन गेली, त्यावर वर्षाला ठरावीक रक्कम. नाट्यगृहांसाठी असा कायदा करणारं पहिलं शहर होण्याचा हक्क ज्या गावाने ग्रंथालयांसाठी तो केला, त्याच गावाचा आहे असं मला मनापासून वाटतं. निदान महापालिकेच्या अंदाजपत्रकात बांधकामाखेरीज चालवण्याचं एक वेगळं लेखाशीर्ष तरी हवं.

आम्ही काही हौशी मंडळींनी मिळून एक निवेदन लिहायला घेतलं आहे. रविवारी कुणाच्या तरी घरी बसतो, चहा होतो, भांडणं होतात. दुपारच्या वेळा तालमींसाठी नाममात्र भाड्यात, शाळांच्या नाटकांसाठी वर्षातले काही दिवस राखीव, गाड्यांसाठी आखलेली जागा, ही कलमं सगळ्यांना मान्य आहेत. पहिल्या क्रमांकावर काय ठेवायचं यावर मात्र बरीच चर्चा झाली. बहुतेकांना भाडं वर हवं होतं. शेवटी लाईटवाल्या त्या गृहस्थांचं म्हणणं सगळ्यांनी मानलं. पहिली मागणी अशी: नाट्यगृहात कायम पगारावर दोन वीजतंत्री असावेत, त्यातला एक रात्रपाळीला, आणि वायरिंग व आग विझवण्याच्या यंत्रणेच्या तपासणीसाठी दरवर्षी वेगळे पैसे धरलेले असावेत.